मोज्यातला ठिपका

खडीच्या रस्त्यावर ठावठिकाणा कळवणारी डबी सारखी खडखडायची, म्हणून डार्सीने ती बाळाच्या निळ्या लोकरी मोज्यात कोंबून मोटारसायकलच्या हँडलला लावलेल्या पिशवीत ठेवली होती. डबी उपग्रहाशी बोले, घरचे निरोपही आणी, आणि तिकडे व्हाइटहॉर्सला घरी तिच्या नवऱ्याच्या, कर्टिसच्या फोनवर डार्सीचा ठिपका सरकत राही. बाळ झाल्यानंतरची ही तिची पहिलीच सफर. निघताना तिनेच त्याला बजावलं होतं, "ठिपका रस्ता सोडून गेला की विचार करत बसू नकोस. सरळ हेलिकॉप्टर मागव."

"आणि मला अस्वलाने खाल्लं तर?" सफरीला बरोबर निघालेल्या टॅनिसने विचारलं होतं.

"तुझा ठिपका नाही," कर्टिस म्हणाला होता. "आम्हाला कळणारसुद्धा नाही."

दुपारी ऑगिल्वी नदीकाठी तिघी मैत्रिणींनी मोटारसायकली लावल्या. चिखलाने तिन्ही गाड्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या. नोरीनने धुरी दिलेल्या सामन माशाचं पुडकं सोडलं. डार्सी उभीच, झुडपांत अस्वल शोधत.

"बस गं जरा," नोरीन म्हणाली. "तुझे डोळे बघूनच पळून जाईल ते."

अस्वल आलं नाही. डोमकावळा आला. त्याने मागच्या मागे पिशवीची चेन ओढली, मोजा चोचीत धरला आणि नदी ओलांडून पलीकडच्या झाडावर जाऊन बसला.

टॅनिस पोट धरून हसली. डार्सी मात्र काठाकडे धावली.

"अगं, ठिपका नदीपार गेला. कर्टिसला वाटेल मी वाहून गेले. इथे हेलिकॉप्टर उतरेल, आणि पुढच्या वर्षी मला अंगणाबाहेर तरी कोण सोडेल?"

टॅनिसचं हसू थांबलं. फोनला रेंज नव्हती, आणि नदी बर्फासारखी गार, फेसाळत चाललेली.

कावळा मोजा धरून माशाकडे टक लावून होता. तिघींनी मान वर केली की तो नजर फिरवी. डार्सीला ही खोड ओळखीची वाटली.

"नोरीन, मासा दे. सगळा."

"मी काय खाऊ?"

"पाव आहे. तो मासा टॅनिसच्या सीटवर ठेव आणि पाठ फिरवा. आमचं बाळही असंच ध्यान आहे. बघत बसलं की घास घेत नाही."

"माझ्याच सीटवर का?" टॅनिस पुटपुटली, पण वळली.

तिघी रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. न बघणं डार्सीला या सगळ्या रस्त्यापेक्षा अवघड गेलं. तिची मान दोनदा वळायला आली, आणि दोन्ही वेळा नोरीनने ती धरून ठेवली.

पंखांची फडफड झाली. काहीतरी धप्पकन पडलं. वळल्या तेव्हा मासा गायब होता आणि मोजा चाकाशी लोळत होता. आत डबी गुरगुरत होती. कर्टिसचा निरोप आला होता.

"इतकी सरळ तू पोहत नाहीस. कावळा ना? माझं पाकीटही तिथेच कावळ्याने नेलं होतं. बाळ जेवलं."

डार्सीने तो पुन्हा वाचला. "मी नदीत गेले, आणि हा माणूस ढिम्म?"

"तुला हेलिकॉप्टर नको होतं ना?" टॅनिस सीट पुसत म्हणाली.

"नकोच होतं. पण जरा तरी घाबरायचं."

नोरीनने तिच्या हातात कोरडा पाव ठेवला आणि तिला खाली बसवलं. डार्सी चक्क झुडपांकडे पाठ करून बसली. दोन घास झाले.

"टॅनिस," ती म्हणाली, "जरा सरक ना. तुझ्यामागून अस्वल आलं तर मला दिसायचं नाही."