सात चेंडूंचा घोळ

कातारीबुवांचं डोकं चक्रावलं ते सुनेच्या चिठ्ठीने. उभं आयुष्य त्यांनी लेथवर लाकूड कातण्यात घालवलं होतं, पण असलं उरफाटं माप आजवर कुणी दिलं नव्हतं. सात लाकडी चेंडू, म्हणजे सात मूलद्रव्यांचे अणू. अकरा नंबरचा सोडियम सगळ्यांत मोठा, मग बारा, तेरा असं करत सतरा नंबरचा क्लोरिन सगळ्यांत बारका. नंबर चढता आणि आकार उतरता?

पोरीने घाईत उलटं लिहिलं, असं बुवांनी ठरवून टाकलं. शाळेत ती नवीन. आज अकरा वाजता मुख्याध्यापिकांसमोर तिचा तास होता आणि नोकरी कायम होणार की नाही, ते त्यावरच ठरणार होतं. चारचौघांत तिचं हसं नको, म्हणून बुवांनी गुपचूप मापं फिरवली आणि तापल्या तारेने चेंडूंवर नंबर डागले. स्वारी स्वतःवर बेहद्द खूश होती.

आठ वाजता सून चेंडू न्यायला आली आणि मटकन स्टुलावर बसली.

"बाबा, सगळं उलटं झालंय. मधला सिलिकॉन तेवढा बरोबर आहे."

"उलटं तू लिहिलं होतंस. मी सुलटं केलं."

"अहो, नंबर वाढतो तसे गाभ्यात प्रोटॉन वाढतात, त्यांची ओढ वाढते. नवे इलेक्ट्रॉन त्याच बाहेरच्या कवचात बसतात आणि अख्खं कवचच आत ओढलं जातं."

"म्हणजे घरात माणसं वाढली की घर आकसतं?"

"अणूचं तसंच असतं."

बुवांना ओ की ठो कळलं नाही.

"कळलं नव्हतं, तर मला विचारलं का नाहीत?"

"तुझी चूक तुलाच तोंडावर कशी दाखवायची? जिवावर आलं."

"म्हणजे चूक माझीच असणार, हे धरूनच चालला होतात," ती शांतपणे म्हणाली.

बुवांचा चेहरा उतरला. एखाद्या परक्या गिऱ्हाइकाने हेच माप दिलं असतं, तर त्यांनी दहादा विचारून घेतलं असतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. पॉलिश पेपर घेऊन त्यांनी सहा नंबर घासून काढले, चष्मा चढवला आणि तार तापवली.

"सांग. सगळ्यांत मोठ्यावर काय घालू?"

"अकरा."

मन अजूनही सतराच म्हणत होतं. बुवांनी अकरा डागला आणि पुढचा चेंडू उचलून तिच्यासमोर धरला. "आणि ह्यावर?"