आठ टोकं

दोंडाईच्यात मानमोडीच्या तापाची साथ शिरली, त्या दिवशीही भिकुबाईने सुनेला शिवायला बसवलं होतं. यशोदाला सातवा महिना होता. बाळाच्या गोधडीसाठी चांगलं लुगडं फाडण्याआधी तिने जुन्या धोतराच्या चिंध्यांवर हात बसवावा, हा सासूचा हट्ट. आठ त्रिकोण जोडून चौकोन करायचा, शिवणीला गव्हाच्या दाण्याएवढी जागा सोडायची, आणि मधोमध आठही टोकं नेमकी भिडली पाहिजेत.

चार चौकोन झाले, चारही बिघडले.

"टोक शिवणमा गयं. उसव परत," भिकुबाई म्हणाली.

"आत्या, मना आंगमा कणकण शे."

"काम दिसनं का कणकण येस!" भिकुबाईने वर पाहिलंही नाही.

यशोदा गुमान टाके उसवत राहिली. दुपारी तिच्या बोटांतून सुई गळाली. ती उचलून देताना सासूचा हात तिच्या हाताला लागला. अंग तव्यासारखं तापलं होतं. मग भिकुबाईने अंथरूण घातलं, काढा उकळला, देवीला नवस बोलली. तिसऱ्या दिवशी पोटातल्या जिवासकट यशोदा गेली.

मुलगा हिलाल चाळीसगावहून पोचला तेव्हा सारं आटोपलं होतं. ओट्यावर बसून त्याने एवढंच विचारलं, "माय, तिले ताप कवय उना?"

खरं ओठांवर आलं होतं. पण त्याचे डोळे पाहून भिकुबाईची जीभ भलतीकडेच वळली. "सांजले," ती म्हणाली. "दिवसभर चांगली हसत व्हती."

"तू जवळ व्हती, हाई बरं व्हयनं," म्हणत हिलालने तिच्या मांडीवर डोकं टेकलं. त्याच्या केसांवरून हात फिरवायचा तिला धीर झाला नाही.