दोन पाट्यांची वाट

शशिकांतचं काम फटी बुजवण्याचं होतं.

भाईंदर पूर्वेला, भांड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर नीरजचं ऑफिस होतं. तिथे जुने कागदी गावनकाशे कॉम्प्युटरवर उतरवत. मुली माउसने एकेका शेताची हद्द गिरवायच्या. हात जरा हलला की दोन शेतांमध्ये बारीक फट राहायची, नाहीतर एक शेत दुसऱ्यावर चढायचं. कॉम्प्युटर अशा चुका लाल करून दाखवायचा आणि शशिकांत त्या दुरुस्त करायचा. दोन मीटरपेक्षा अरुंद फट असली तर ती शेजारच्या शेतात मिसळून टाकायची, असा नियम होता.

बायको अंबिका हयात होती तेव्हा तो घरी आला की विचारायची, "आज किती बुजवल्या?" तिला जाऊन आठ महिने झाले होते. आकडा मात्र अजून रोज त्याच्या लक्षात राहायचा.

२००६ च्या फेब्रुवारीत राईचा नकाशा आला. राई अंबिकेचं माहेर. यादीत दोनशे बारा फटी होत्या. शशिकांतने नेहमीसारखं बटण दाबलं. यादी रिकामी झाली.

"काका, एका फटक्यात झिरो?" शेजारची भूमिका म्हणाली. "आम्हाला पण शिकवा की ही जादू."

तो हसला आणि जुनी यादी सहज एकदा बघून घेतली. फट लांबीला असते चार-सहा मीटर, फार तर एका बांधाएवढी. एकीची लांबी होती अकराशे मीटर.

त्याने केलेलं काम मागे घेतलं. नकाशा लहान करून पडद्यावर अख्खं गाव आणलं. गावठाणापासून खाडीपर्यंत एक लाल रेघ निघाली होती. एक्केचाळीस शेतांमधून, प्रत्येक बांधाबरोबर वळत, कुठेही न तुटता.

गिरवणाऱ्याचा हात हलतो, पण अकराशे मीटर सारखाच हलत नाही. चूक इतकी शिस्तीत वागत नाही.

"नीरज, ही चूक नाही."

नीरजने वाकून पाहिलं. "रुंदी एक मीटर ऐंशी. नियमात बसतेय, काका. मिसळा. शनिवारी डेटा द्यायचाय."

"मिसळली तर ती नकाशातून जाईल."

"नंबर नाही, नाव नाही. आहे कुठे ती, जायला?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून शशिकांत राईला गेला. आठ महिन्यांत तो तिथे फिरकला नव्हता. सासूबाई रखमाबाई ओटीवर कोलंबी सोलत होत्या.

"जावयबापू! वाट चुकलाव क काय?"

"वाटच शोधतोय." त्याने सगळं सांगितलं.

"तुमच्या त्या टीव्हीत आमची वाट दिसते?" म्हातारीने हात धुतले. "चला, दाखवते."

बांधाबांधाने दोघं निघाली. सासूबाई पुढे, तो मागे. "हिला दोन पाट्यांची वाट म्हनतात," त्या म्हणाल्या. "मिठाची पाटी डोईवर घेतलेली बाई मागं सरू शकत न्हाय, चिखलातबी उतरू शकत न्हाय. म्हनून समोरासमोर दोन पाट्या आल्या तरी धक्का लागू नये, येवढी जागा दोन्हीकडच्यांनी सोडायची. माझ्या आजेसासूच्या आधीपासनं."

"आणि बांध टोकरून कोणी वाट आपल्या शेतात ओढली नाही?"

"बांधावरनं डोकी फुटलीत या गावात. या वाटेला कुनी हात लावला न्हाय." त्यांनी खाडीकडे बोट केलं. "आता तिकडं जमीन घेनाऱ्यांनी खांब रोवलेत, भिंत घालायला. नकाशात वाट न्हाय, असं बोलतात. मी आजबी याच वाटेनं कोलंबीला जाते."

एका वळणावर वाट जराशी फुगली होती. तिथे कमरेइतका सपाट दगड होता. "इथं पाटी टेकवायची. अंबी ल्हान होती, हितं बसून माझी वाट बघायची."

शशिकांतने टेप लावला. एक मीटर ऐंशी. पुन्हा लावला. तेवढंच. एक्केचाळीस घरं, कितीतरी पिढ्या, हातात टेप नाही की समोर कागद नाही; मोजमाप फक्त डोक्यावरच्या पाटीचं. त्याने सगळा जन्म रेघा मारण्यात घालवला होता, पण अशी रेघ पाहिली नव्हती. त्याने टेप गुंडाळला.

शुक्रवारी त्याने राईचा मूळ कागदी नकाशा मागून घेतला आणि खिडकीच्या काचेवर धरला. पाठीमागून उजेड आला तशा बांधांच्या मध्ये तुटक रेघांच्या दोन ओळी, जुन्या नकाशातली पायवाटेची खूण, दिसल्या. शाई उडाली होती, म्हणून गिरवताना कोणाला दिसल्या नव्हत्या.

नीरजने भिंग लावून टोकापर्यंत पाहिलं. "आईशप्पथ," तो म्हणाला. आणि मग, "काका, हे आपण किती गावांत मिसळून टाकलं असेल?"

"उद्यापासून बघू," शशिकांत म्हणाला. "आज ही."

बाकीच्या फटी त्याने बुजवल्या; ही बुजवली नाही. तिच्याभोवती हद्द पूर्ण केली आणि तिला शेतांसारखीच स्वतःची जागा दिली. नंबराच्या घरात लिहिलं: वाट. क्षेत्रफळ आलं, साडेएकोणीस गुंठे. यादी पुन्हा शून्यावर आली.

भूमिकाने मागून डोकावलं. "ते वळणावर फुगलंय, काका. हात हललाय तिथे. सरळ करू?"

"राहू दे," शशिकांत म्हणाला. "तिथे दगड आहे. बसायला."