ग्लासातली मुळं

सभागृहात माणसं रांग लावून थुंकत होती. अगदी शिस्तीत. निवृत्त न्यायाधीश थुंकले, त्यांच्यामागे नृत्यशिक्षिका थुंकल्या आणि प्रत्येकाने आपापला पाण्याचा ग्लास जपून दोन्ही हातांत धरला. थोड्या वेळाने लाळेचे पांढरे धागे पाण्यात खाली लोंबू लागले.

"अगं बाई!" कुणीतरी किंचाळलं.

"दिसली?" व्यासपीठावरचे पांढऱ्या कोटातले गृहस्थ गरजले. "आतड्यातल्या बुरशीची मुळं! डॉक्टर नुसती आग विझवतात. मी काडी कुणी लावली ते शोधतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. या गृहस्थांना सगळे 'मूळवाले सर' म्हणत.

माझे थोरले भाऊ पहिल्या रांगेत होते. दादांचं चष्म्याचं दुकान. छातीतल्या जळजळीने बेजार झालेले. त्यांच्या ग्लासातले धागे तळाला टेकले तेव्हा सरांनी अशी काही मान हलवली, की दादांना आपल्या आजाराचा अभिमानच वाटला असावा.

"घरात डॉक्टर पुतणी आहे. तिला तरी विचारा," मी म्हणालो.

"तुझी लेक गुणाची आहे रे. पण आजवरच्या डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं नाही माझ्याकडे. गोळी लिहिली, पुढचा पेशंट. या माणसाने तासभर ऐकून घेतलं."



त्या तासात सरांनी दादांची झोप, लहानपणीचे ताप, आईचा स्वभाव, सगळं विचारलं. मग निदान सांगितलं: बुरशी तर आहेच, शिवाय "तुमचं अ‍ॅसिड वाढलेलं नाही, उलट कमी पडतंय!" जळजळीच्या गोळ्या बंद. जेवणाआधी व्हिनेगर आणि सरांच्याच दुकानातली भुकटी सुरू. गहू बंद, दूध बंद, फळं बंद.

"श्वास घेतलेला चालेल ना?" वहिनींनी विचारलं.

दादा वाळत गेले. जिना चढताना त्यांना धाप लागू लागली. एके सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. घाबरून त्यांनी सरांना फोन लावला.

"अभिनंदन!" सर म्हणाले. "बुरशी मरून बाहेर पडतेय!"

वहिनींनी मात्र माझ्या मुलीला फोन केला. तिने येऊन काकांची पापणी खाली ओढून पाहिली. आत पांढरंफटक.

"काका, गुडघ्यासाठी काही घेता?"

"ती दुखण्यावरची गोळी, रोज. ते काय औषध आहे थोडंच!"

"बाबा, गाडी काढा."

दुर्बिणीच्या तपासणीत जठरात त्या रोजच्या गोळीने पडलेला अल्सर दिसला, त्यातून रक्त झिरपत होतं. दादांना रक्त चढवलं, दुखण्याची गोळी थांबवली आणि सरांनी बंद केलेलं औषध पुन्हा सुरू केलं. दादा वाचले; पण खाटेवरून एकच धोशा, "मग ग्लासात दिसलं ते काय? मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"पुढच्या शिबिराला जाऊ," मुलगी म्हणाली.

गेलो. तिने एक ग्लास सरांपुढे धरला. "आमच्या घरातल्याच एकाचा आहे."

सरांनी तो उजेडाकडे नेला. "अरेरे! जुनाट बुरशी. गोड खाणं, जागरणं, मनात दाबलेला राग. तंबाखू खातात?"

"नाही हो. दात यायचेत अजून."

तिने माझ्या खांद्यावर लाळ गाळणाऱ्या माझ्या नातवाकडे बोट दाखवलं. सभागृहात हास्याचा स्फोट झाला.

"पाहिलंत?" सर सावरले. "गर्भातूनच आली!"

"मग आता तुम्ही थुंका," तिने पाण्याचा नवा ग्लास पुढे केला.

"मी आत्ताच चहा घेतलाय."

दादा काठी टेकत उठले. "थुंका की, सर. मी थांबतो तासभर."

सरांनी आवंढा गिळला. होती नव्हती ती लाळही गेली. शिबिर संपल्याचं जाहीर करून ते मागच्या दाराने निघून गेले.

"लाळ चिकट असते," मुलीने लोकांना सांगितलं. "त्यातले बुडबुडे तिला वर धरून ठेवतात, बाकीची तार धरून खाली लोंबते. माझी, तुमची, कुणाचीही. तिथे बुरशीचा काही संबंध नाही."

घरी परतताना दादा म्हणाले, "पण गुडघ्याच्या गोळीचं आधी कुणी विचारलं असतं तर?"

"ती चूक आम्हा डॉक्टरांची, काका," ती म्हणाली.

म्हणून सांगतो. जळजळ हटत नसेल, वजन उतरत असेल, तर डॉक्टर गाठा. शौचाला काळं झालं तर तडक रुग्णालयात जा. घेत असलेली प्रत्येक गोळी, कुणी न विचारताही सांगा. आणि ग्लासात तुमचा रोग दाखवणारा भेटलाच, तर त्याला आधी निरोगी माणसाचा ग्लास दाखवायला सांगा. तो दाखवता येईना, तर उठून घरी या.