चौथ्या ग्रीनवरच्या वहाणा

डिचोलीच्या या गोल्फ मैदानावर मला सगळे मास्तर म्हणतात. आदराने नव्हे, मी ओरडतो म्हणून. मी श्रीनाथ गावस, मूळचा इब्रामपूरचा. बारा वर्षं खनिजाचा ट्रक हाकला. मग खाण बंद पडली, त्याच जमिनीवर नऊ होलचं मैदान झालं आणि मी तिथलं गवत राखायला लागलो. घरच्या भातापेक्षा मी त्या गवताला जास्त जपतो असं बायको म्हणते, आणि ते खरंच आहे.

चौथा होल, म्हणजे खेळाचा चौथा टप्पा, सगळ्यांत आखूड. नव्वद मीटर, तीन फटक्यांत संपवायचा. सोपा म्हणून लोक त्याला किंमत देत नाहीत. मारलेला प्रत्येक बॉल उंच जातो, थेट ग्रीनवर, म्हणजे शेवटच्या बारीक कापलेल्या गवतावर, आदळतो आणि खळगी पाडतो. ज्याने पाडली त्याने ती बुजवायची, असा रिवाज आहे. दोन दातांच्या काट्याने कडेचं गवत मध्याकडे ढकलायचं आणि वरून थोपटायचं. खालून उचकटलं तर मुळं तुटतात. एवढंसं काम, पण करतो कोण? भल्याभल्यांना मी पार्किंगमधून हाका मारून परत आणलंय. पाय घासू नका, खिळ्यांचे बूट ग्रीनवर नकोत, हेही मीच सांगायचं.

त्यामुळे गेल्या पावसानंतर चौथ्या ग्रीनवर खिळ्यांच्या खुणा दिसल्या तेव्हा माझं डोकंच फिरलं. रोज एक रांग, डावा उजवा, डावा उजवा, ग्रीनच्या मागच्या कडेने. त्या कडेपासून चार पावलांवर जुनी खाण आहे, काठोकाठ पाण्याने भरलेली. मध्ये नुसती गुडघ्याखाली लोंबणारी सैल दोरी. कुंपण घातलं तर देखावा जातो, असं मॅनेजरचं म्हणणं.

पहाटे तिथे फक्त परशुराम असायचा. चंदगडकडचा, चाळिशीचा, शांत माणूस. लांब काठीने ग्रीनवरचं दव झाडायचं हे त्याचं काम. दव राहिलं तर गवताला रोग लागतो. मी त्याच्यावर खेकसलो, "कोणाचे पाय हे?"

"राखणदाराचं, मास्तर," तो म्हणाला. "धुक्यात मला कड दिसत न्हाई. त्यो कडंनं चालतोय, वहाणा करकर वाजत्यात. आवाजाच्या अलीकडं ऱ्हायचं, बास."

राखणदार म्हणजे गावची शीव सांभाळणारा. खाणीकाठच्या वडाखाली त्याचा दगड आहे. वाड्यावरच्या सुमंगलावहिनींच्या घरचा मान असा, की दर वर्षी त्याला चामड्याच्या, खिळे मारलेल्या नव्या वहाणा ठेवायच्या. वर्षभर कोणी हात लावत नाही, तरी तळ झिजतात. आमच्या इब्रामपुरातही हीच रीत. मी ती कधी खोटी मानली नाही, पण तपासायलाही गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जाऊन उभा राहिलो. धुकं होतं. आधी आवाज आला, कर्र, कर्र. मग माझ्यापासून दोन हातांवर दवातलं गवत दबलं आणि त्यात खिळ्यांची नक्षी उमटली. मग पुढचं पाऊल. मग त्याच्या पुढचं. वर कोणीच नव्हतं. पण खरं सांगतो, भीतीपेक्षा मला राग आला. माझ्या ग्रीनवर!

डिचोलीच्या बाजारातून मी सगळ्यांत मोठे, मऊ रबरी तळव्याचे कॅनव्हासचे बूट आणले. वडाखाली ते ठेवले आणि वहाणा उचलून अवजारांच्या खोलीत टांगल्या.

वहिनींना कळलं तशा त्या तरातरा आल्या. "श्रीनाथ, ह्या काय केलंस? तेका चामड्याच्योच वहाणो जाय. आवाज येवक नाय तर तो आसा म्हणान कोणाक कळतला?"

"वहिनी, गवताक पण जीव आसा," मी म्हटलं. या वाक्यावर मी तेव्हा खूश होतो.

खुणा थांबल्या. ग्रीन असं झालं की मॅनेजरने फोटो काढले. परशुराम एकदा म्हणाला, "मास्तर, आवाज येईना झालाय." मी म्हटलं, "बरं झालं. दोरी आहे ना? सवय होईल." तो काठी उचलून कामाला लागला.

आठ दिवसांनी दाट धुकं पडलं. मी पोचलो तेव्हा निम्मं ग्रीन झाडून झालं होतं, सरळ हिरव्या पट्ट्यांत. शेवटचा पट्टा ग्रीनपाशी थांबला नव्हता. तो बाहेरच्या गवतातून, दोरीखालून, थेट खाणीच्या कडेपर्यंत गेला होता. काठी पाण्यावर तरंगत होती.

त्या पट्ट्याशेजारी दवात रबरी तळव्यांची पावलं होती. ग्रीनवर जवळजवळ, पुढे लांब लांब. राखणदार धावला होता. अगदी कडेपर्यंत धावला होता. पण त्याला हाक मारता येत नाही. त्याला फक्त वाजता येतं, आणि ते मी काढून घेतलं होतं.

परशुराम तिसऱ्या दिवशी सापडला. घरच्यांनी त्याला चंदगडला नेलं. मॅनेजरने कुंपण घातलं. सगळे अपघात म्हणाले आणि मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याची मला अजून लाज वाटते.

वहाणा मी त्याच दिवशी परत ठेवल्या. खुणा पुन्हा उमटू लागल्या. रोज सकाळी गुडघ्यांवर बसून एकेक भोक बुजवतो, कडेकडून मध्याकडे. आता ओरडत नाही.

गेल्या सोमवारी रांगा दोन होत्या. एक खिळ्यांची. तिच्या शेजारी, कडेच्या बाजूने, गमबुटांची. तळव्याच्या त्या आडव्या रेघा मी ओळखल्या. ते आठ नंबरचे गमबूट मीच परशुरामला दिले होते. दोन्ही रांगा सोबतीने चालत गेल्या होत्या, पण मी कान देऊन उभा होतो तेव्हा आवाज एकाचाच आला.

मी डिचोलीला चांभाराकडे गेलो. वहाणांचे दोन जोड सांगितले. एक नेहमीचा. दुसऱ्याचं माप त्याने विचारलं.

"आठ नंबर," मी म्हटलं. "आणि खिळे जास्त मार. लांबून ऐकू यायला हवं."