बाळ येशूचं अंगडं

निकानोरने आईला हॉटेलात राहायला बोलावलं, तेव्हा एदुविखेस आधी नाहीच म्हणाली. नायारितच्या किनाऱ्यावरच्या ज्या कुंपणाबाहेर तिने दहा वर्षं मासे भाजून विकले, त्याच्या आत पाहुणी म्हणून जायचं? पण पोरगा आता तिथे माळ्यांचा मुकादम होता.

"चल गं आई. दोन दिवस पाय पसरून समुद्र बघ. शिवणाचा डबा घे बरोबर, हात रिकामे असले की माझं डोकं खातेस."

आत सगळं शांत. पांढरे पडदे, थंडगार फरशी, कुणी मोठ्याने शिंकतसुद्धा नव्हतं. एदुविखेसला आवडलं, खोटं कशाला बोला.

मग दिवाणखान्यातल्या कोनाड्यात तिला बाळ येशू दिसला. लाकडी, हातभर, डाव्या पायाचा अंगठा उडालेला. तो निकानोरनेच लहानपणी मूर्ती पाडून तोडला होता. दर दोन फेब्रुवारीला या बाळाला नवं अंगडं चढवून चर्चला न्यायचं आणि मग गल्लीभर मक्याच्या पानात उकडलेले तामाले वाटायचे, हा पणजीपासूनचा नेम. दोन वर्षांपूर्वी बाळ घरातून चोरीला गेला. तेव्हा निकानोर तिच्याबरोबर दारोदार हिंडला होता. शेजारच्या कसिल्दाच्या मुलावर आळही त्यानेच घेतला होता. तेव्हापासून एदुविखेस कसिल्दाशी बोलत नव्हती.

बाळाच्या अंगावर तिनेच शिवलेलं निळं अंगडं होतं, विटलेलं.

"मीच दिला," निकानोर खाली बघत म्हणाला. "हॉटेलच्या साहेबांना हवा होता. मुकादमी काय अशीच मिळते? आणि इथे त्याला ना वाळवी, ना ओल."

"आणि कसिल्दाचा पोरगा?"

"झालं ते झालं. परवा दोन तारीख. पाहुण्यांसमोर नवं अंगडं घालायचंय. तू शिवशील म्हणून सांगून बसलोय मी."

डबा एदुविखेसच्या हातातच होता. पोटच्या पोराने केसाने गळा कापला होता, आणि वर कात्रीही तिलाच आणायला लावली होती. रडू येईल असं तिला वाटलं, पण आला तो नुसता संताप.

साहेब हसत आले. "तुम्हीच निकानोरच्या आई? काय लागेल ते सांगा."

एदुविखेसने बाळाला उचलून शालीत घेतलं.

"काही नको. हा माझा आहे, मी नेते. तो निकानोर तुम्हाला ठेवून घ्या."

ती फाटकातून बाहेर पडली ती घरी गेलीच नाही. आधी जाऊन तिने कसिल्दाचं दार वाजवलं.