पंचमीचा झोका

लढाईवरनं परतल्यावरची माझी ती पहिलीच नागपंचमी. ओढ्याकाठच्या चिंचेला साऱ्या गावच्या बायका झोके घ्यायच्या, आणि तिथं जायची वाट हंबीररावाच्या उसातनं. त्यानं आदल्या दिवशीच वाटेवर बाभळीच्या फांद्या रचल्या. डांबरट! पंचमीला कुणी काही कापत न्हाई, हे त्याला पक्कं ठाऊक.

मी कोयता आणायला वळलो, तशी आई ओरडली, "आज कापायचं न्हाई रं!"

"कापतंय कोण?" कवठे महांकाळला दिलेली माझी बहीण बनुबाई म्हणाली, आणि नुसत्या हातांनी काटेरी फांद्या ओढू लागली. बाकीच्या बघत राहिल्या.

वाट मोकळी होताच त्या गाणी म्हणत पळाल्या. बनुबाई शेवटी झोक्यावर चढली, पण रक्ताळलेल्या हातांनी तिला दोर धरवेना.